सदतीस पुस्तकांची चोरी

"सदतीस, बाई. रजिस्टर घिऊन दोनदा मोजले. सदतीस कमी हायत," व्यंकटी शिपाई खाली मान घालून म्हणाला आणि ग्रंथपाल नर्मदाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

समोर संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब बसले होते. याच कॉलेजात शिकून पुढे गेलेला, बोलायला मोकळा माणूस. शेजारी उपप्राचार्य तात्याराव. त्यांच्या पुढ्यात पिशवीभर जुनी कुलपं होती, कालच तेल घातलेली. तात्याराव कधी रिकाम्या हातानं यायचे नाहीत.

परभणीच्या या कॉलेजात चोवीस वर्षं सगळी पुस्तकं कुलपात होती. त्रेसष्ट साली एक पुस्तक चोरीला गेलं. तेव्हा ग्रंथालय तात्यारावांकडे होतं. एका पुस्तकापायी त्यांनी सगळ्या कपाटांना कुलपं ठोकली. तेव्हापासून पोरांनी चिठ्ठी लिहायची आणि शिपायाच्या हाताला लागेल ते पुस्तक मुकाट्यानं न्यायचं. कसला अभ्यास आणि कसलं संशोधन!

नर्मदाबाईंना हे बघवेना. सत्त्याऐंशीच्या जुलैत भांडूनतंडून त्यांनी कपाटं उघडी केली. वर दर शनिवारी फुकट वर्ग सुरू केला. कार्डांच्या खणातून पुस्तक कसं हुडकायचं, त्याचा नंबर कसा वाचायचा, एका पुस्तकाच्या मागच्या यादीवरून दुसरं कसं गाठायचं, सगळं त्या शिकवायच्या. येईल त्याला दार मोकळं. चुडाव्याची पोरं रेल्वेनं यायची, चारठाण्याची एसटीनं. बघता बघता पोरं कोंबड्यांसारखी कपाटं उकरायला लागली आणि बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तात्यारावांची अट एकच होती. वर्षाअखेर दहापेक्षा जास्त पुस्तकं गेली, तर बाईंनी स्वतःच्या हातानं कुलपं लावायची. "दहा कशाला, एकसुद्धा जायचं नाही," असं बाई तोऱ्यात बोलून बसल्या होत्या. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो तो असा.

"मी सांगत नव्हतो?" तात्याराव म्हणाले. "उघडं टाकलं की किंमत राहत नाही."

आबासाहेबांनी सुस्कारा सोडला. "बाई, शब्द तुमचाच हाय. आता मी तरी काय बोलू?"

बाईंनी पिशवीतलं पहिलं कुलूप काढलं. डोळे भरून आले होते, पण तात्यारावांसमोर रडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. वाचायला बसलेली पोरं पुस्तकं मिटून बघायला लागली. बाईंनी पहिल्या कपाटाचं दार लावलं.

"बाई, थांबा!"

दैवशाला उठली होती. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची ही चुडाव्याची पोरगी, ऊसतोड कामगारांच्या लेकरांच्या शाळेवरच प्रबंध लिहीत होती. ती सरळ कुक्कुटपालनाच्या पुस्तकांपाशी गेली. रांगेमागं कोपरापर्यंत हात घातला आणि संख्याशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक बाहेर ओढलं.

"सदतीसमधलं एक हे. चोरलं न्हाई बाई, लपवलं. एकच पुस्तक अन् आमी बारा जण. मी गावाकडं गेले की दुसरंच कुणी घिऊन बसतंय."

"अगं, पण कोंबड्यांच्या मागं?"

"तुमीच शिकवलं न्हवं का, जागा चुकली की पुस्तक कुणालाच घावत न्हाई म्हून?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सुग्रीव नावाचा एक दांडगा पोरगा उठला आणि त्यानं संस्कृत व्याकरणामागून निजामाच्या काळातल्या जमीन महसुलाचं पुस्तक काढलं. तिसरा उठला, चौथा उठला. मग तर झुंबडच उडाली. कीटकशास्त्र भजनांच्या संग्रहामागून निघालं, मानसशास्त्र पाकशास्त्रामागून. टेबलावर पुस्तकांचा ढीग लागला. बाईंना खरं तर राग यायला हवा होता. पण त्यांना हसू आवरेना. पोरांना पुस्तकं लपवून ठेवावीत इतकी हवीशी झाली होती! याहून जास्त त्यांनी कुठं काय मागितलं होतं?

व्यंकटी मोजायला बसला. मोजून झालं तसा तो गोंधळला.

"बाई, अडतीस भरले."

"नीट मोज रे."

"दोनदा मोजले. एक जास्तीचं हाय."

जास्तीचं पुस्तक लहानसं होतं, कापडी बांधणीचं, कसरीनं खाल्लेलं. ते सुग्रीवनं आणलं होतं. "एक पुस्तक म्यां जुन्या उर्दू पुस्तकांमागं ठिवलं होतं," तो म्हणाला. "ते काढायला गेलो तर हे बी घावलं, पार कपाटाच्या मागच्या फळीला चिकटलेलं. तिथं लय वर्सात कुणी हातच घातला नसंल."

तात्यारावांनी चष्मा लावला, पहिलं पान उघडलं आणि ते ताडकन उभे राहिले.

"तर्कशास्त्र! अहो, हेच ते! त्रेसष्ट साली चोरीला गेलेलं! ह्याच्यापायीच तर कुलपं लावली मी!"

सगळे पुस्तकाकडे बघायला लागले. आबासाहेब तेवढे जमिनीकडे बघत होते. मग ते उठले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि तात्यारावांपुढे वर्गात उभं राहावं तसे उभे राहिले.

"सर, चोरलं न्हवतं," ते म्हणाले. "परीक्षा झाली की जाग्यावर ठिवणार होतो, पण तुमी आदल्याच दिवशी कुलपं लावली."