पडवीवर पडवी

“आणखी एक पडवी?” राघोपंत कारकुनांनी मापाची काठी भिंतीला टेकवली आणि कपाळावरचा घाम पुसला. “हिरे, मागच्या पडवीचं सारवण अजून वाळलं नाही गं.”

“गाडीवाल्यांना बसाया जागा पुरत नाही, दादा.”

पंतांनी आत पाहिलं. पडवीत एकच गाडीवाला होता. तोही झोपलेला.

जव्हारच्या पेठेबाहेर, मोखाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर हिरीचं भाकरीचं दुकान होतं. लाकूड नि हिरडा वाहणारे गाडीवाले तिथं बैल सोडायचे, नाचणीची भाकर आणि सुकटीचं कालवण खायचे. हिरी इथली नव्हे. लांबच्या वांगणीहून लहानग्या कमूला कडेवर घेऊन आली आणि इथंच राहिली.

त्याच सुमारास जव्हारच्या दरबारानं नियम काढला होता. जो नवं पक्कं बांधील, त्यानं रस्तापट्टी भरायची, आणि त्या पट्टीतून त्याच्याच दारापुढच्या रस्त्यावर खडी पडायची. बांधकाम मोठं तर पट्टी मोठी, पट्टी मोठी तर खडी जास्त. मोजमाप राघोपंतांकडे. ऐकल्याबरोबर पेठेतल्या शेठलोकांची बांधायची हौस फिटली. एकानं तर आपली नवी वखार हा गोठा आहे असं कळवलं, आणि खरं दिसावं म्हणून आत म्हैस नेऊन बांधली.

हिरी तेवढी बांधत सुटली. आधी दुकान. मग पडवी. मग बैलांसाठी मांडव, तोही कौलांचा.

“पेंढा घाल वर,” पंतांनी तिला हळूच सुचवलं होतं. “पेंढ्याला पट्टी नाही.”

“बैलांनाबी कौलाखाली बसू दे की एकदा,” ती म्हणाली होती.

सुताराला मात्र ती दरवेळी बजावायची, “साग नको. ऐनाचं लाकूड लाव.”

“अगं, परवाना काढला की साग मिळतो.”

“मना नको म्हनलं ना.”

शेजारी सुकट विकणाऱ्या सुकरीला या बांधकामांनी करमणुकीची ददात ठेवली नव्हती. “नवरा मुंबईच्या गोदीत, आन ही बाय इथं राजवाडा बांधतेय गो! ऱ्हानार कोन त्यात, घुशी?”

“तू ये ऱ्हायाला. सुकट भायेर ठेवून ये, म्हंजे झालं.”

“आन नवरा कंदी यायचा?”

“येल. काम सरलं का येल.”

हसून बोलायची. पण पायातले वाळे पहिल्या पडवीत गेले होते, शेळ्या मांडवात. गळ्यात काळ्या मण्यांची पोत उरली होती. पंतांना मूलबाळ नव्हतं. कमूसाठी ते खिशात खडीसाखर ठेवायचे. हिरी अशीच बांधत राहिली, तर दुकान विकून पोरीला घेऊन रस्त्यावर येणार हे त्यांना दिसत होतं. रस्ता काय, चांगलाच झाला होता.

खडी फोडायला दरबारच्या तुरुंगातले कैदी यायचे. कोणी दारू गाळलेला, कोणी जंगलातला साग चोरून तोडलेला. पायांत बेड्या, बरोबर एक म्हातारा शिपाई, त्याच्या खांद्यावर बंदूक आणि डोळ्यांत झोप. दुपारी हिरी सगळ्यांना आंबील द्यायची. शिपायाला पहिली आणि सगळ्यांत मोठ्या वाडग्यातून. मग तो चिंचेखाली डोळे मिटायचा, आणि कमू पाण्याचा तांब्या घेऊन कैद्यांमधून हिंडायची.

“एवढी आंबील विकलीस तर चार पैसे सुटतील,” पंत म्हणायचे.

“दारात राबनाऱ्याला उपाशी धाडू नये, दादा. आमच्याकडं ती रीत हाय.”

शेवटी पंतांनीच मनावर घेतलं. कचेरीत अर्ज केला, साहेबांपुढे हात जोडले, बाई एकटी आहे, पोर लहान आहे असं आयुष्यात पहिल्यांदा कोणासाठी तरी बोलले. आणि एका दुपारी छत्री झुलवत हिरीच्या दारात आले.

“हिरे, सुटलीस! तुझ्या पडवीची पट्टी माफ. ही, पुढची, तू बांधशील ती प्रत्येक!”

हिरी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

“आन खडी?”

“पट्टी नाही तर खडी कसली? ती टोळी आजच घाटाखाली चालली. तिकडे कोणी गिरणी बांधतोय.”

“मना माफी नको, दादा.”

“काय?”

“मी पट्टी भरते. हवं तर डबल भरते. वर माडी काढते.”

“माडी?” पंतांचा आवाज चढला. “खायला कोण येतं तुझ्याकडे, म्हणून माडी? अगं, साहेबांची सही झाली! लोकांना मागून मिळत नाही, आणि तू...” मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ते खालच्या आवाजात म्हणाले, “तुझ्या भल्यासाठीच केलं गं मी.”

“जानते मी, दादा,” हिरी म्हणाली. “लई केलंत.”

ती उठून उंबऱ्याशी गेली. हाताचं पीठ तसंच होतं. बाहेर शिपायानं हाळी दिली. कैद्यांनी घमेली गोळा केली, हातोडे खांद्यावर घेतले आणि ओळीनं उभे राहिले. आज आंबील राहिली होती. चुलीवरच होती अजून.

टोळी हलली. पंत कमूपुढे वाकले आणि खडीसाखरेचा खडा पुढे केला. “घे बाळ. तुझी आई रागावलीय माझ्यावर.”

कमूनं हात पुढे केला नाही. ती रस्त्याकडे बघत होती. बेड्यांचा आवाज वळणाआड जाऊन थांबला, तेव्हा तिनं आईचा पदर ओढला.

“आयं, आता बा कोनाच्या दारात खडी फोडंल?”