फागूच्या नोटा

श्यामलाल सराफानं नोट दारातल्या उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि गादीच्या कडेला ठेवून दिली.

“कहाँ की है?”

“इटलीची,” पतिराम म्हणाला. “लिरा म्हणतात. लढाईत आम्हाले तिथं हेच भेटे.”

“इधर नहीं चलती, भाई.”

हेच पोस्टात ऐकलं होतं, हेच स्टेशनातल्या बाबूनं सांगितलं होतं. धानगिरणीच्या शेठनं तर नोटांना हातही लावला नव्हता. सकाळपासून पतिराम गोंदियाचा बाजार तुडवत होता आणि त्याच्या मागून, थोडं अंतर ठेवून, धनवंता चालत होती. ती फागूची मोठी बहीण. माय गेल्यावर फागूला तिनंच वाढवलं होतं; तो तिला बाई म्हणायचा. चोरखमाऱ्याच्या तलावापलीकडे, जंगलाला लागून तिचं गाव. ऐन मोहफुलं वेचायच्या दिवसांत ती काम टाकून आली होती, कारण पतिरामनंच तिला सांगितलं होतं की गोंदियात मोठमोठे शेठ आहेत, कोणी ना कोणी बदलून देईल.

फागू इटलीतल्या दवाखान्यात तापानं गेला, एवढं सरकारी कागदानं तिला कळलं होतं. नोटांचं कागदात काही नव्हतं. त्या फागूनं मरायच्या आधी पतिरामच्या हातात दिल्या होत्या, बाईले दे म्हणून. दोघं एकाच पलटणीत होते.

“वहीं बदलवाना था न,” श्यामलाल म्हणाला. “जहाज पर चढ़ने से पहले सबका बदलते हैं.”

पतिरामच्या कपाळाची शीर फुगली.

“गेलो नोहोतो का मी? बंदरावर खिडकीच होती त्याच्यासाठी. माझे पैसे बाबूनं न पाहता बदलून देल्ले. मंग ह्या काढल्या. ह्या कोणाच्या म्हणे. फागू मडावीच्या, म्हटलं. तो कुठं हाये? मेला, म्हटलं. तं बाबूनं नोटा बाहेर सरकवल्या. मेलेल्याचा पैसा सरकार पाठवते म्हणे. मंग सरकारनं घ्यावा न, म्हटलं. त्याचं पगाराचं पे-बुक आण म्हणे. आता पे-बुक तं दवाखान्यातच जमा झालं. मी कुठून आणू? मागून लोक बोंबलून राहिले, बोटीचा भोंगा वाजून राहिला. सार्जंटनं खांद्याले धरून बाजूले केलन मले.”

श्यामलालनं सगळं ऐकून घेतलं. मग तो सरळपणे म्हणाला, “तो अपना बोल देते. अपनी गड्डी में मिला देते. कौन पूछता?”

बोटीवर, मुंबईच्या धक्क्यावर, गोंदियापर्यंतच्या गाडीत पतिरामच्या डोक्यात दुसरं काही चाललंच नव्हतं. मेलेल्या दोस्ताचे पैसे आपल्या पैशात गेले असं उद्या कोणी म्हणू नये म्हणून त्यानं त्या नोटा वेगळ्या बांधून ठेवल्या होत्या. आणि खिडकीत विचारल्यावर खरं तेच सांगितलं होतं. माझ्या आहेत, एवढंच म्हणायचं होतं.

“रद्दीच्या भावाने बी नाही घेणार?” त्यानं विचारलं.

श्यामलालनं मान हलवली. त्याच्या आवाजात खोट नव्हती, त्यामुळे पतिरामला त्याच्यावर रागावताही येईना.

धनवंता इतका वेळ दुकानाच्या पायरीवर बसून होती. हिंदी तिला अर्धीमुर्धीच कळत होती, पण काय झालं ते कळलं होतं. तिनं मान वळवली.

“भाऊ, तिथं चालत होत्या का ह्या?”

“तिथं चालत होत्या, बाई.”

“काय भेटे त्याचं?”

“काय बी भेटे. गेटाशी बाया टोपल्या घेऊन बसत. पाव, अंडे, तळलेली मच्छी, संत्रे. आम्ही सप्पा जण घेऊन खात होतो. कॅम्पातलं खाऊन तोंड विटे न.”

“आन फागू?”

“तो नाही घे. बाईले नेतो म्हणे पैसे. आम्ही खात होतो तं बाजूले जाऊन बसे.”

“थंडी होती न तिथं?”

“लय. बरफ पडे.”

धनवंतानं गादीवरच्या नोटेकडे पाहिलं.

“मंग खाल्लन काऊन नाही?” ती म्हणाली. “मी मांगतले होते का पैसे? मले काय करायचे होते? खाऊन पिऊन राहा, एवढंच सांगून धाडलं होतं त्याले.”

तिचा आवाज चढला नव्हता. पतिरामला मात्र वाटलं, बंदरावरच्या बाबूचं विचारणं काहीच नव्हतं, सराफाचंही नाही. खरी चौकशी ही आता चालली आहे.

“एकदा बी नाही खाल्लन?” तिनं विचारलं.

श्यामलालनं नजर उचलून पतिरामकडे पाहिलं.

“एकदा घेतलन,” पतिराम म्हणाला. “संत्रा घेतलन. तिथंच गेटाशी बसून खाल्लन.”

हे खोटं त्याच्या तोंडून इतकं सहज निघालं की त्याचा त्यालाच संताप आला.

“गोड होता?”

“गोड होता.”

धनवंता उठली, गादीवरची नोट आणि पतिरामच्या हातातल्या बाकीच्या नोटा तिनं घेतल्या आणि पदराच्या टोकाला बांधू लागली.

“मंग खाल्ला असन,” ती म्हणाली. “आंबट नाही चाले त्याले.”