उघडं यंत्र

"पिना सगळ्या काढल्यास ना?"

"काढल्या गं बाई. किती वेळा विचारशील?"

मुलीने यंत्र सुरू केलं. पडद्यावर आईच्या डोक्याचं चित्र उमटू लागलं आणि कानामागे भलंमोठं काळं भोक दिसलं. तिने यंत्र थांबवलं, आईच्या अंबाड्यात बोटं घातली आणि एक पिन ओढून तिच्या डोळ्यांसमोर धरली.

"ही होय? ही तर अंबाड्याची आहे," आई म्हणाली.

हॉस्पिटलमधल्या एमआरआयच्या मोठ्या यंत्राच्या बोगद्यातून आई दोनदा ओरडत बाहेर आली होती. तिच्या डाव्या हातातून वस्तू गळून पडत होत्या. चित्र पाहिल्याशिवाय डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते आणि आई बोगद्यात जायला तयार नव्हती. शेवटी सुट्टीच्या दिवशी मुलीने तिला आपल्या प्रयोगशाळेत आणलं. तिने बनवलेलं हे यंत्र अर्ध्या टोपलीसारखं होतं. आतून लहान लहान चुंबक चिकटवलेले, वरून सगळं उघडं. त्यात डोकं टेकायचं, बस.

"तुझे साहेब तर म्हणतात, हे चालायचं नाही."

"त्यांना चुंबकाचा जोर सगळीकडे सारखा हवा. माझ्या यंत्रात तो कुठे जास्त, कुठे कमी. पण कुठे किती, ते मला ठाऊक आहे. त्या फरकावरूनच कळतं, संकेत डोक्यातल्या कुठल्या जागेवरून आला. आता बोलू नकोस."

"मी कुठे बोलतेय? तूच बोलतेयस."

चित्र फिसकटलं. पुढच्या वेळी आईने नाक खाजवलं. त्याच्या पुढच्या वेळी बाहेर कुणाची चाहूल लागली, म्हणून मान वळवून पाहिलं.

मुलीने टेबलावर हात आपटला. "आई, सगळ्यांची बोलणी खाऊन उभं केलंय हे मी! एक, फक्त एक धड चित्र दे मला!"

आई डोळे मिटून पडून राहिली.

यंत्र गुणगुणत राहिलं. पडद्यावर आधी नुसतं वेडंवाकडं काहीतरी आलं. मग संगणकाचा हिशेब पुरा होत गेला तशी कवटीची कड जागेवर बसली, मेंदूच्या घड्या दिसू लागल्या. इतकं स्वच्छ चित्र या यंत्रातून आजवर आलं नव्हतं. मेंदूच्या उजव्या भागात लिंबाएवढा पांढरा डाग होता. त्याच्या कडाही स्पष्ट होत्या.

मुलीने पडदा भिंतीकडे वळवला.

"आलं का नीट?" आईने विचारलं.

"नाही. हललीस तू. परत घ्यावं लागेल."

आई तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग एका शब्दानेही वाद न घालता तिने डोकं पुन्हा नीट टेकवलं.

"घे," ती म्हणाली. "तुझं समाधान होईपर्यंत घे."