उसना शेक

फिजिओथेरपी कॉलेजची तपासणी आली की शेकाचं मशीन दुसऱ्या कॉलेजातून टेम्पोनं यायचं आणि तपासणी संपली की परत जायचं. तिथं शिकवणाऱ्या नीरजाला आता याचा रागही येईनासा झाला होता. "विचारलं तर मशीन आपलंच हं," प्राचार्यांनी यंदाही बजावलं. पेशंट म्हणून टिटवाळ्याच्या हौसाबाईंना आणलं होतं. आखडलेल्या खांद्यामुळे सहा महिने त्यांची वेणीफणी सून करत होती. शेक झाला, नीरजानं खांदा हळूहळू सैल केला आणि हातात फणी दिली. फणी कानापर्यंत पोचली. "अगं बाई, गेला की हात," हौसाबाई म्हणाल्या. तपासणीस बाईंनी हसून कागदावर खूण केली. "अजून चार शेक घेतले की डोक्यावर जाईल ना गं? उद्या किती वाजता येऊ?" प्राचार्य खाकरले. "आजी, उद्या मशीन नसेल," नीरजा म्हणाली, तपासणीस बाईंकडे बघत.