वेयोची कॅसेट

मृत्यूहून संथ या जगात काहीच नाही. फक्त आमच्या फिनिश गावातल्या चर्चचे ऑर्गनमास्तर स्तोत्रं त्याहून संथ वाजवतात. दफनाला काय वाजवायचं तेही तेच ठरवतात. परवा वेयोची विधवा नवऱ्याच्या डूम मेटलच्या, म्हणजे संथ, जडशीळ रॉकच्या, एकमेव अल्बमची कॅसेट घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. "उद्या त्याच्या दफनाला हीच वाजू द्या, मास्तर." "असला गोंगाट? असल्या कॅसेट खपल्या किती?" "नऊ. ऐका तरी!" त्यांनी नाक मुरडून बटण दाबलं. पहिला सूर जमिनीखालून आल्यासारखा आला. तो विझेपर्यंत मेणबत्त्या थरथरत होत्या, घंटाघरातले कावळे उडून गेले. मग दुसरा आला. तासाभराने मास्तर पांढरेफटक पडले होते. "चाळीस वर्षं मी हाच वेग शोधतोय, आणि हा दोन घरं पलीकडे राहायचा! उद्या पूर्ण लावू. माझ्या दफनालाही." तिने डोळे पुसले. "मग पाहुण्यांना दफनानंतरची कॉफी आधीच दिली तर चालेल?"