वरचं पान, खालचं पान

दुपारी तीनच्या सुमारास वरपक्षाच्या सुनांनी व्याह्याला तळ्यात ढकललं.

व्याही म्हणजे अबिल्दा, नवऱ्या मुलीचा बाप. व्याह्याला एकदा भिजवल्याशिवाय सोयरीक पक्की होत नाही, ही कझाक माळावरची जुनी रीत. त्यामुळे कुणालाच वावगं वाटलं नाही. फक्त मुलाचा बाप तुयाकबाय पांढराफटक पडला. सुनांना एक गोष्ट सांगायची त्याच्याकडून राहून गेली होती.

अबिल्दा सकाळी आला तो एकच अट घेऊन. "तुमचं तळं उन्हाळ्यात आटतं असं ऐकलंय. कोरड्या गावात मी मुलगी देणार नाही." मग त्याने काठावरून तळं पाहिलं. पाणवेलीची रुंद पानं निम्म्या तळ्यावर पसरली होती. तो विरघळला. त्याचा जन्म सरोवराकाठी गेलेला. ही वेल बारमाही पाण्यातच जीव धरते, हे तो घरी जेवताना इतक्यांदा सांगे, की बायको आणि लेक कंटाळल्या होत्या. कुमीसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, दुसरा वाडगा त्याने आपणहून मागितला.

आता तो तळ्यात उभा राहिला, तर पाणी गुडघ्यापर्यंत.

"व्याहीबुवा, पोहून दाखवा की!" थोरली सून ओरडली.

"कशात पोहू, पोरी? तुझ्या चहाच्या वाडग्यात याहून जास्त पाणी होतं."

काठावर हशा पिकला. तुयाकबाय हसला नाही. नवरदेवाला अचानक घोड्यांची आठवण झाली आणि तो तिकडे निघून गेला.

अबिल्दाने टोपीवरचं पान काढलं, तर मागोमाग अख्खी जुडीच वर आली. पाण्याखाली या वेलीला दुसरी पानं असतात, लांब, अरुंद, आरपार दिसणारी. इथे एकही नव्हतं. देठ विळ्याने कापलेले होते आणि मुळांच्या जागी दोराने दगड बांधलेला होता.

तुयाकबायने मान खाली घातली.

अबिल्दा मात्र दगडाकडे बघतच नव्हता. तो दोराकडे बघत होता. शेळीच्या काळ्या-पांढऱ्या केसांचा दोर, मधे एक लाल पेड. सकाळी त्याने घरून आहेराची मेंढी ज्या दोराने बांधून आणली, तोही असाच होता. दोरात लाल पेड घालायची खोड साऱ्या मुलखात एकाच मुलीला होती. मेरुएर्तला, त्याच्या लेकीला.

त्याची बायको काम्शात काठापर्यंत आली. तिनेही दोर पाहिला. मग पदराआड हसू लपवावं तसा रुमाल तोंडाशी धरला.

"काय हो, पाणी कसं आहे?"

अबिल्दाने दोर सोडवून खिशात घातला. दगड हळूच पाण्यात सोडला, पानं वर पसरून ठेवली.

"गार आहे," तो म्हणाला. "पण व्याही, लग्नाआधी एक विहीर खणा."

लग्न शरदात ठरलं आहे. तळं मात्र त्या भेटीच्याच महिन्यात आटलं. विहिरीचं काम चालू आहे. नवरदेव स्वतः खाली उतरून खणतो. वाळू ओलसर लागली आहे, पाणी अजून नाही. परवा मेरुएर्तचा निरोप आला: विहिरीचा दोर वळायला घेतलाय, किती लांब करू ते कळवा.