राजाचा हात

"बसतो का?" उत्खननवाल्या बाईंनी विचारलं.

खापराचा तुकडा हातात येताच त्याला कळलं होतं, बसतो. कुंभाराच्या बोटांच्या रेघा तुकड्याच्या आतल्या अंगाला होत्या, त्याच टेबलावरच्या घड्यालाही होत्या. तरी तो भिंग डोळ्याला लावून बसून राहिला.

घड्यावर लढाई नुकतीच संपलेली होती. मेलेले घोडे, मोडका रथ, मधोमध गुडघे टेकलेला राजा आणि त्याच्यापुढे आडवा पडलेला शत्रू. राजाचा हात कोपरापासून पुढे आणि शत्रूची मान, एवढा भाग कधीच सापडला नव्हता. तिथे पांढऱ्या लेपाचं ठिगळ होतं. पण त्या हातात तलवार होती आणि राजाने शत्रूचं मुंडकं उडवलं, हे शेंबडं पोरही सांगायचं. दंतकथाच तशी होती.

ठिगळ त्याच्या बायकोने भरलं होतं. संग्रहालयाच्या ह्या खोलीत दोघांनी जन्मभर फुटकी भांडी सांधली. हा घडा तिचं शेवटचं काम. तो पुरा करून ती दवाखान्यात गेली, ती परत आली नाही. आणि आता हा तुकडा बसवायचा म्हणजे ते ठिगळ काढायचं.

"काका, जीव टांगणीला लागलाय हो माझा," बाई म्हणाल्या. त्यांच्या नखांत अजून माती होती.

"राजा हजारो वर्षं थांबलाय. तुम्हाला पाच मिनिटं धीर नाही?"

"राजाला उद्या दालनाचं उद्घाटन नाहीये," दारातून संग्रहालयाचे साहेब म्हणाले. "मला आहे. काय ते हो-नाही सांगून टाका बुवा."

त्याने तुकडा उजेडाकडे वळवला. राजाचा पंजा स्पष्ट दिसत होता. तलवार नव्हती. पंजा शत्रूच्या मानेखाली गेला होता, डोकं जरासं उचलून धरायला. आजारी माणसाला पाणी पाजताना हात तसाच घालावा लागतो. हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

त्याने भिंग खाली ठेवलं. "नाही. ह्या घड्याचा नाही."

बाई तुकडा घेऊन कापसात गुंडाळायला लागल्या. गुंडाळी नीट होईना.

"बरं झालं एका अर्थी," साहेब म्हणाले. "भिंतीवरचा मजकूर रंगवून झालाय. राजाने मुंडकं उडवलं, असंच आहे त्यात."

"उडवलं तर उडवलं," बाई म्हणाल्या. "मेलेल्यांची बाजू कोण घेणार?"

"आणि त्या ठिगळावर तेवढी तलवार काढून टाका हो. लोकांना काहीतरी दिसायला हवं. तेव्हाही सांगितलं होतं मी. पण तुमच्या मंडळी म्हणजे खमक्या! मी जे पाहिलं नाही ते काढणार नाही, म्हणाल्या. खापर सापडेल तेव्हा बघू. आता कसलं सापडतंय?"

त्याने ठिगळाकडे पाहिलं. ते घड्याच्या पृष्ठभागापेक्षा केसभर खोल होतं, जुनं कुठलं नि नवं कुठलं ते उघड कळावं म्हणून. रंगाचा एक थेंबही नव्हता. तिने जागा नुसती राखून ठेवली होती.

"बाई, थांबा. तो तुकडा इकडे आणा."

"का? आता काय?"

"ह्याच घड्याचा आहे."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

त्याने घडा वाळूच्या परातीत नीट टेकवला. गोंद विरघळवणाऱ्या औषधात कापसाचा बोळा बुडवला. ह्या धंद्यात गोंद असाच वापरायचा असतो, की उद्या कुणाला आपलं काम सोडवावंसं वाटलं तर सोडवता यावं. तरी एवढा जुना सांधा संध्याकाळपर्यंत तरी दम काढेल, असा त्याचा हिशेब होता. निदान संध्याकाळपर्यंत. त्याने बोळा सांध्यावर फिरवला. कोपर टेबलाला दाबून धरलं होतं.

एक फेरी झाली. दुसरी अर्ध्यावर आली, आणि ठिगळ हललं. घड्याचा टवकाही उडाला नाही. ते अलगद सुटून त्याच्या तळहातावर आलं.

"सुटलं?" बाई म्हणाल्या. "एवढ्यात?"

त्याने मूठ मिटली. खापर बसवायला बाईंनी पुढे केलं होतं, ते त्याने घेतलं नाही.

"अगं," तो मुठीकडे बघत म्हणाला, "जरा तरी धरून राहायचं होतंस."